पपनसापर्यंतची दोरी

१

सकाळी मासळी साफ झाली की तिची आतडी फेकायची नाहीत. ती सुतळीला बांधून संत्र्याच्या फांद्यांवर टांगायची. पिवळ्या मुंग्यांचा तो नाश्ता. आमच्या कालव्याकाठी बहुतेक बागांत हे चालतं. आमच्याकडे ते माझी बायको दिएप करते आणि मी स्टूल धरतो. मी आयुष्यभर कान थो शहरातल्या विद्यापीठात पिकांवरच्या किडी शिकवल्या, म्हणून निदान स्टूल धरायचं काम तरी माझ्यावर सोपवलं जातं.

या मुंग्या झाडावरच राहतात. पानांच्या कडा ओढून आणतात, रेशमाने शिवतात आणि त्या हिरव्या गोळ्यात संसार मांडतात. झाडावर हिरवे ढेकूण आले, अळी पडली, की फाडून घेऊन जातात. जमिनीवर काळ्या मुंग्यांचं राज्य, म्हणून आम्ही झाडाझाडांत दोऱ्या बांधतो. पिवळ्या त्यावरून जा-ये करतात. फवारणी अजिबात नाही. दिएप लहान असताना तिच्या वडिलांच्या मागून फवाऱ्याची नळी धरून चालायची, तेव्हापासून तिची छाती गेली ती गेलीच. औषधाच्या नुसत्या वासाने तिला धाप लागते. तिचा खोकला हा आमच्या घरातला सगळ्यात जुना आवाज. मी खोलीत शिरण्याआधी तो मला सांगतो, ती कुठे आहे.

बाग घराच्या मागे. पुढच्या अंगणापलीकडे एकच पपनसाचं झाड, एकटं पडलेलं. त्याची पानं अळीने जाळीसारखी केली होती. मुंग्या तिथवर पोचणार कशा? दिएपने उत्तर काढलं. शेवटच्या संत्र्यापासून एक नायलॉनची दोरी घराच्या मागच्या खांबाला, तिथून वाशाखालून बैठकीच्या खोलीतून पुढच्या खांबाला, आणि तिथून पपनसाला.

आम्ही ती ताणत होतो तेव्हा शेजारचा सातवा होडीतून केळी घेऊन आला. नाव त्याचं हाउ, पण घरातला सातवा म्हणून साऱ्या गावाचा तो सातवाच, आणि दिएप धाकटीताई.

“धाकटीताई, मुंग्यांना घरातून रस्ता? चहापाणी पण करणार वाटतं त्यांचं?”

“तुला नाही विचारत चहा, त्यांना विचारीन. त्या कामाच्या तरी आहेत.”

सातवा हसला, पण दोरीकडे बघत राहिला. “झाड ते झाड बांधतात, ताई. घराला नाही बांधत. मी लहानपणी एकदा बांधली होती, तर बापाने त्याच दोरीने फोडलं मला.”

“का?” मी विचारलं.

“ते नाही सांगितलं. फोडायच्या घाईत होता.”

मी म्हणालो, “अरे, मुंगीला खांब काय आणि खोड काय. जिथे चालता येतं ते तिचं झाड.” वर्गात बोलायचो तशा आवाजात म्हणालो. माझं बोलणं शास्त्राला धरूनच होतं.

२

पपनस आठवड्याभरात साफ झालं. नवी पालवी आली, तांबूस, चकचकीत. दिएप झाडाखाली उभी राहून स्वतःच लावल्यासारखी त्याच्याकडे बघायची.

मग घर शांत व्हायला लागलं. आधी झुरळं गेली. मग डास. तांदळाच्या डब्यातले सोंडे गेले. आमच्या छतात एक मोठी पाल होती, संध्याकाळी खणखणीत ओरडायची. ती एक दिवस ओरडली नाही आणि पुन्हा कधीच ओरडली नाही. मला बरं वाटलं. नको तो जीव घरात येऊ नये याचसाठी तर या मुंग्या पाळायच्या.

त्या शांततेत आणखी काहीतरी कमी आहे असं मला वाटत राहिलं. काय, ते कळेना. म्हातारपणी माणूस दर खोलीत काहीतरी विसरल्यासारखा उभा राहतो, म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही. एकदा मी बागेतून आत आलो आणि दिएप कुठे आहे ते मला समजलं नाही. तेव्हा लक्षात आलं. ती खोकत नव्हती.

“तुझा खोकला गेला?”

“गेला वाटतं.” ती मुळा किसत होती. “तुम्हाला आत्ता कळलं? मास्तर, तुम्ही परीक्षेला बसला असता तर नापास झाला असता.”

तिच्या उघड्या मनगटावरून मुंग्या चालत होत्या. आतडी टांगताना आम्ही हाताला चुलीची राख चोळतो, नाहीतर त्या चावून हैराण करतात. तिने राख लावणं केव्हाच सोडलं होतं. एकही चावत नव्हती. मी हात पुढे केला तर बोटं सुजेपर्यंत चावल्या.

“तुम्हाला ओळखत नाहीत अजून,” ती हसली.

याचं कारण मला ठाऊक होतं. प्रत्येक वसाहतीचा एक वास असतो. तो ज्याच्या अंगाला, तो आपला. बाकी सगळे परके. दिएपच्या अंगाला तो वास लागला असणार. मी हे स्वतःला दोनतीनदा समजावलं. एकदाच पुरायला हवं होतं.

३

आमची लेक उयेन सायगॉनहून आली. आईचा खोकला गेल्याचं ऐकून तिला रडूच फुटलं. कित्येक डॉक्टरांचे उंबरठे तिने झिजवले होते. पिशव्या खाली ठेवून ती आईच्या गळ्यात पडायला वाकली आणि किंचाळली.

मानेवर, कानामागे, पापणीवर. मी आणि तिला होडीतून सोडायला आलेल्या सातव्याने मिळून तिच्या अंगावरच्या मुंग्या झटकल्या. दिएप तशीच स्टुलावर बसून होती.

“बा, हे घर आहे का वारूळ? आईला मी घेऊन जाते.”

“मी कुठे जाते?” दिएप शांतपणे म्हणाली. “तू लांब बस. लांब बसलं की काही करत नाहीत.”

आणि खरंच, उयेन दाराशी बसली तर एकही मुंगी तिच्याकडे फिरकली नाही. ती जेवली, बडबडली, आईशी भांडली. सायगॉनला यायचं की नाही, यावर तेच जुनं भांडण. जाताना तिने लांबूनच हात हलवला.

ती गेल्यावर मी एक गोष्ट केली, तिची मला लाज वाटत होती. दिएप भाजी निवडत असताना खुर्ची घेऊन मी तिच्याजवळ सरकलो, मग मागे, मग पुन्हा जवळ. जवळ गेलो की दोरीवरची रांग थांबे. मुंग्या पोटं उचलून उभ्या राहत. मागे सरलो की रांग चालू लागे. एका हाताचं अंतर, त्याच्या आत आलो की रांग थांबलीच.

“काय चाललंय खुर्चीचं? मूळव्याध झाली का?”

“नाही गं. ऊन येतंय.”

ऊन येत नव्हतं. आमची खोली उत्तरेची.

मी विचार करत राहिलो. या मुंग्या झाडावर पिठ्या ढेकूणही सांभाळतात. त्या ढेकणांच्या अंगातून गोड थेंब येतो, म्हणून गुराखी गाई राखतो तशा त्या त्यांना राखतात, पावसात त्यांच्यावर पानांचं छप्पर शिवतात. तेव्हा एखाद्या जिवाभोवती पहारा ठेवणं हे त्यांच्या स्वभावातच आहे. हे सगळं मी मुलांना फळ्यावर काढून दाखवलेलं. एवढं माहीत असताना मला घाम का यावा?

४

जेवताना दिएपने माझ्या मनगटावर बोटं आपटली.

दोन बोटं, एका आड एक, फार जलद. मला वाटलं, मासळीचं भांडं हवंय. मी सरकवलं. बोटं थांबली नाहीत. मीठ दिलं, पाणी दिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. बोटं मात्र माझ्या मनगटावर टकटकत होती. काय सुचलं कोण जाणे, मी माझ्या वाडग्यातला एक घास उचलून तिच्या ओठांशी नेला. तिने तो घेतला. बोटं थांबली.

“हे काय करतेस?”

“काय?”

“बोटांनी. टकटक.”

“कुठे टकटक?” तिने हात उलटा करून पाहिला. “तुमचेच हात थरथरतात हल्ली. उयेनला सांगून गोळ्या मागवा.”

माझे हात थरथरतात, हे खरं आहे. म्हणून मी पुन्हा जेवायला लागलो. भुकेली मुंगी दुसरीपुढे उभी राहून मिशा टकटकवते आणि दुसरी आपल्या पोटातला थेंब तिच्या तोंडात देते, हे शिकवताना मी टेबलावर दोन बोटं वाजवून दाखवत असे. दिएप माझ्या व्याख्यानाला कधीच आली नव्हती.

५

दुपारची झोप आमच्याकडे कुणी चुकवत नाही. कालव्यावरच्या होड्यासुद्धा थांबतात. दिएप बैठकीतल्या लाकडी पलंगावर मच्छरदाणी लावून झोपते. आता डास नव्हते, पण सवय होती. मी झुल्यावर.

त्या दुपारी मला एका आवाजाने जाग आली. कोरड्या कागदावर कुणी भाताची फोलं भुरभुरवत असावं, तसा. कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप जमिनीवर पडली होती. दोरीवर एकही मुंगी दिसत नव्हती. मी झुल्यातून पाय खाली सोडले आणि मच्छरदाणी उघडायला गेलो, कारण दिएप उजेडातही फार पांढरी दिसत होती. ती तशी दिसत होती, कारण माझ्या आणि तिच्यामध्ये पांढरं काही होतं.

मच्छरदाणीच्या दोन्ही कडा एकमेकींना शिवल्या होत्या.

मुंग्यांची एक ओळ दोन्ही कडा जबड्यात धरून ओढत होती, आणि बाकीच्या तोंडात आपली पिल्लं धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवत होत्या. पिल्लांच्या तोंडातून रेशीम निघतं, धोट्यातून निघावं तसं. मी हे हजारदा पाहिलंय. पानांवर पाहिलंय. आणि एवढ्या वर्षांत मी त्या नेहमी बाहेरून शिवताना पाहिल्या. इथे त्या आतल्या बाजूला होत्या.

मी दोन्ही हातांनी शिवण फाडली. साऱ्या घराचं छप्पर एकदम वाजलं. हजारो मुंग्या पोटं आपटत होत्या, कौलांखाली, वाशांवर, कपाटामागे. इतक्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

दिएपने डोळे उघडले. ती घाबरली नाही. गोड झोपेतून लहान मूल चिडतं तशी चिडली.

“कशाला उसवलंत? किती छान वाटत होतं.”

६

दोरी मी त्याच संध्याकाळी कापली. दोन्हीकडून. सकाळी पाहिलं तर संत्र्याच्या टोकापासून घराच्या वळचणीपर्यंत दोरी होती. जवळ गेलो तेव्हा ती हलत होती. मुंग्यांनी एकमेकींच्या कमरा धरून हवेतून स्वतःचा पूल केला होता. मी झाडूने तोडला. चहा पिऊन येईतो पुन्हा जुळला होता.

“विष मारा,” सातवा म्हणाला.

“आणि ती?”

त्याने घाटाकडे पाहिलं. मग म्हणाला, “माझ्या होडीत घाला ताईंना. आत्ता.”

घाटापर्यंत दिएप कुरकुर न करता आली, सातव्याच्या फाटक्या बनियनची टिंगल करत. पायरी उतरली आणि तिचा श्वास अडकला. खोकला नाही, धाप नाही. नुसता श्वास यायचाच थांबला. ओठ निळे पडले. आम्ही दोघांनी चावे सोसत तिला उचलून मागे आणली. पपनसाच्या सावलीत येताच तिने श्वास घेतला आणि सातव्याला म्हणाली, “बनियन धूत जा रे.”

तेव्हा मी ठरवलं. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की दोन बागांच्या मुंग्या एका दोरीवर आणायच्या नाहीत. एक वसाहत संपेपर्यंत त्या लढतात, झाडाखाली मेलेल्यांचा सडा पडतो. मला तोच सडा हवा होता.

सातव्याने आधी कानावर हात ठेवले. मग त्याचा अभिमान जागा झाला. “तशा माझ्या मुंग्या कालव्यापलीकडच्या. तुमच्या विद्यापीठाच्या मुंग्यांना चटणी करून खातील.” त्याने पोत्यातून घरटी आणली, फांद्यांसकट, तोंडं घट्ट बांधून. भर दुपारी आम्ही ती पपनसाला लटकवली. नवी दोरी पुढच्या खांबाला बांधून, बैठकीतून ओढून, मी स्वतःच्या हाताने पलंगाच्या खुरापर्यंत आणली.

दिएप झोपली होती. मच्छरदाणी पुन्हा शिवली गेली होती, आतून.

सातव्याच्या मुंग्या तांबूस, आमच्या मुंग्यांपेक्षा थोराड. त्या दोरीवरून आल्या. आमच्या समोरून गेल्या. बरोबर मधल्या वाशाखाली दोन्ही रांगा भेटल्या. त्यांनी मिशांना मिशा लावल्या.

आणि एकमेकींना वाट दिली.

“हे काय?” सातवा पुटपुटला. “मास्तर, हे असं होत नाही.”

“नाही होत.”

दोन वसाहतींचा वास एक असू शकत नाही. दोन्ही रांगा एकत्र झाल्या आणि पलंगाकडे वळल्या. मच्छरदाणीत शिरल्या. मी जवळ जाऊन कापडाला डोळा लावला.

अंगावरची चादर तिच्याभोवती गुंडाळली होती, कडेला कडा लावून, पान वळवावं तशी. तोंड तेवढं उघडं होतं. रांग तिच्या ओठांपर्यंत जात होती. एक मुंगी यायची, थांबायची, जायची. मग दुसरी. तिचा गळा हलत होता. ओठांवर थेंब चमकत होता, मधासारखा. तो त्या तिला देत होत्या की तिच्याकडून घेत होत्या, ते मला सांगता येणार नाही. मी पुरेसा वेळ पाहिलं नाही.

सातवा घाटाकडे पळत सुटल्याचं मला ऐकू आलं. मी त्याला दोष देत नाही.

७

मी हात आत घातला.

त्या आल्या. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, मग डोळ्यांवर. मी शिवण फाडली, चादरीची शिवण फाडली, तिच्या दंडाला धरलं. दंड गरम होता. तिची बोटं माझ्या मनगटावर टकटकायला लागली, आणि मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, “मास्तर, जा ना.” आवाज तिचाच होता, मायेचाच होता. म्हणूनच मी जास्त हादरलो.

“नाही जात,” मी म्हणालो.

ऊन उतरेपर्यंत मी तिला धरून बसलो. मग त्या आपल्या आपण मागे गेल्या. दिएप उठली, पदर झटकावा तसा अंगावरचा रेशमाचा चुरा झटकला आणि विचारलं, “तोंड कशाने सुजलं तुमचं?”

तेव्हापासून असंच चाललं आहे. दुपारी त्या शिवतात, मी उसवतो. माझे हात वांग्यासारखे झाले आहेत. बरणी उघडत नाही. सातवा घाटावरूनच केळी टाकतो आणि ओरडून विचारतो, “मास्तर, आहात का?” मी ओरडतो, “आहे!” उयेनच्या डॉक्टरांनी फोनवरून आईचा श्वास ऐकून तिला कळवलं की छाती तरुण बाईसारखी स्वच्छ आहे. ती फोनवर आनंदाने हुंदके देते. मी तिला काय सांगू?

एक शंका मला छळते आणि ती मी इथे लपवणार नाही. तिला खरंच बरं वाटतंय. खोकला नाही, झोप लागते, केसांना काळी मुळं फुटली आहेत. तिच्याभोवतीची एकेक कीड त्यांनी वेचून काढली: डास, झुरळं, पाल, तिच्या छातीत बसलेलं ते जुनं विष. आता एकच उरली आहे, रोज दुपारी येणारी, त्यांनी नीट विणलेलं फाडणारी. मी आयुष्यभर शिकवलं की कीड म्हणजे काय हे झाड ठरवतं, आपण नाही. मग इथे कोण ठरवणार? मी चुकत असेन. शास्त्र म्हणतं, मी बहुतेक चुकतोय.

असू दे. ठरवा मला कीड. किडींचा मी जन्मभर अभ्यास केलाय. त्या हुशार नसतात, देखण्या नसतात, त्यांची बाजू कुणी घेत नाही. झाडं बुडवून मारा, जाळा, त्यांच्यावर पहारे बसवा, त्या पुढच्या पालवीला हजर असतात. माझ्याकडे दोन हात आहेत, अजून नखं आहेत, आणि ती बाई माझी आहे.

आज शिवण जाड होती. दोन पदरी. मला फार वेळ लागला, आणि छप्पर सगळा वेळ वाजत होतं. शेवटी एक भोक पडलं, हात जाईल एवढं. मी त्यातून आत पाहिलं. अंधारलेल्या त्या पांढऱ्या गोळ्यातून तिचे डोळे माझ्याकडेच बघत होते, उघडे, जागे, आणि त्यांत हसू होतं की राग, मला ओळखू आलं नाही.

“आला का किडा?” ती म्हणाली.

“आलो,” मी म्हणालो, आणि भोक मोठं करायला लागलो.